रोपावर पेन्सिल, वहीत पेन

१३ मे २०२५, मंगळवार

काल बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, म्हणून आज आले. जामखेडहून सकाळची एसटी, नगरला गाडी बदलली आणि मनमाड रस्त्याने राहुरीकडे. पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र 'नगर, नगर' असंच ओरडत होता. विद्यापीठाचं फाटक राहुरी गावाच्या आधीच लागतं.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं नाव आमच्या घरात मी कॉलेजला जाण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, ते बियाण्याच्या पिशव्यांमुळे. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी काळीला फुले वसुधा. लहानपणी मला वाटायचं, ही तिथल्या साहेबांच्या मुलींची नावं असतील. आज हे ताईला सांगितलं तर ती हातातली नळी खाली ठेवून हसली.

ताई म्हणजे इथे पीएच.डी. करणारी. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची, वनस्पतिशास्त्राची. सहा आठवडे तिच्या हाताखाली. काम ऐकायला सोपं आहे: ज्वारीच्या चोवीस वाणांच्या कोवळ्या पानांतून डीएनए काढायचा आणि एका मार्करच्या मदतीने त्यांची मालदांडीशी तुलना करायची. रोपं तिने आधीच ट्रेमध्ये लावून ठेवली आहेत.

तिने पहिली वस्तू दिली ती पेन्सिल. "रोपाच्या चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहायचं, शाई पाण्याने जाते. वहीत मात्र पेननेच लिहायचं, पेन्सिल खोडता येते." हेच तिने दोनदा सांगितलं. मी मान हलवली. एवढ्या सोप्या गोष्टीला दोनदा कशाला सांगायचं, असंही मनात आलं.

१६ मे, शुक्रवार

आज ताईच्या सरांनी अर्धा तास फळ्यावर समजावलं. मला सगळ्यात आवडलं ते खडखड्या रोगाचं.

रब्बीची ज्वारी पावसावर वाढत नाही, पाऊस गेल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते. दाणा भरायच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारीत, ती ओल संपत आलेली असते. तेव्हा ताट बुडातून पोकळ होतं, आतले धागे काळे पडतात, वारा आला की ताटं खडखडत आडवी होतात. हे मी रानात पाहिलंय. दादा ताट चिरून काळा गर दाखवायचे आणि 'खडखड्या लागला' म्हणायचे. त्यामागे एक बुरशी असते आणि पाण्याच्या ताणाने कमजोर झालेल्या झाडालाच ती धरते, हे आज कळलं.

काही ज्वाऱ्या अशा ताणातही पानं हिरवी ठेवतात. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेला बी-३५ हा त्यातला जगभर वापरला जाणारा वाण. त्याच्यात हा गुण देणारे मुख्य चार तुकडे सापडले आहेत, स्टे-ग्रीन एक ते चार. पण त्याच्या दाण्याला आपल्या भाकरीची सर नाही. म्हणून तेवढे तुकडे आपल्या वाणांत आणायचे आणि बाकीचा बी-३५ मागे सोडायचा. संकराच्या रोपांत कुठला तुकडा आला आणि कुठला नाही, हे झाड मोठं व्हायच्या आत पानाच्या चतकोर इंचावरून ओळखायचं. मार्करचं काम ते.

मी विचारलं, "आणि मालदांडी ३५-१ मधला पस्तीस-एक म्हणजे काय?"

"निवडीचा क्रमांक," सर म्हणाले. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा वाण. इतकी वर्षं झाली, नवे वाण आले, तरी रब्बीत तुलनेला अजून तोच उभा केला जातो.

१९ मे, सोमवार

पहिला डीएनए!

पान कापून खलात टाकायचं आणि वरून द्रवरूप नायट्रोजन ओतायचा. उणे १९६ अंश. पांढरी वाफ टेबलावरून जमिनीवर सांडते आणि पान काचेसारखं होतं. बत्त्याचे चार फेरे मारले की हिरवी पूड. ती वितळायच्या आत नळीत गेली पाहिजे. मग सीटॅबचं द्रावण, ६५ अंशांच्या पाण्यात तासभर. त्यात मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं एक रसायन असतं, त्याचा वास कुजलेल्या अंड्याच्या वर. संध्याकाळी मेसमध्ये माझ्या शेजारची मुलगी उठून दुसऱ्या टेबलावर गेली.

त्यानंतर क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी अलगद दुसऱ्या नळीत. शेवटी थंडगार आयसोप्रोपॅनॉल टाकून नळी हळूच उलटसुलट केली आणि मध्ये कापसाच्या तंतूसारखं काहीतरी तरंगायला लागलं. ज्वारीच्या एका पेशीतल्या गुणसूत्रांच्या दहा जोड्या मी शिकले होते. संपूर्ण जनुकक्रम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा, हेही परीक्षेत लिहिलं होतं. पण तो असा नाकातल्या शेंबडासारखा दिसतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

२१ मे, बुधवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहिते.

बारा नळ्यांचा डीएनए काढून झाला होता. शेवटची पायरी ७० टक्के इथेनॉलने धुण्याची. झाकणांवर मी बॉलपेनने आकडे लिहिले होते, कारण पेन्सिल प्लॅस्टिकवर उमटत नव्हती आणि तिथलं खास मार्कर पेन शोधायचा कंटाळा केला. धुताना इथेनॉल झाकणांवर ओघळलं. पाच मिनिटांनी बघते तर बारा नळ्या कोऱ्या. निळसर डाग तेवढे उरले.

स्टँडमध्ये मी त्या क्रमाने ठेवल्या होत्या. जवळजवळ क्रमाने. मध्ये एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये घालून काढल्या होत्या. मला वाटलं, अंदाजाने परत लिहावं. डावीकडची पहिली ती एक नंबर, नक्की तीच असणार. पेन हातात घेतलंही होतं.

सर तेवढ्यात आले. त्यांनी विचारलं, "शपथेवर सांगशील?"

मी गप्प.

"मग टाकून दे."

दोन दिवसांचं काम लाल डब्यात गेलं. ताई रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, "डीएनए चांगलाच आला होता गं. पण कुणाचा, ते माहीत नसलं की तो कुणाचाच नाही."

रात्री वहीत पेननेच लिहिलं: नमुने १ ते १२, लेबल पुसल्याने रद्द. खाली सही.

२६ मे, सोमवार

मे महिन्यात असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. रोज संध्याकाळी कोसळतोच, आणि आज तर मान्सून मुंबईपर्यंत आल्याची बातमी. कांदा रानात पडलेल्या लोकांचे हाल. दादांचा फोन: नांगरट थांबली.

रद्द झालेले बारा पुन्हा काढून झाले. आता पीसीआर. कोवळ्या रोपाच्या डीएनएतला एकच छोटा तुकडा घेऊन त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या: ९४ अंशांवर साखळ्या सुट्या, ५५ वर प्रायमर चिकटले, ७२ वर नवी साखळी विणली, अशी पस्तीस आवर्तनं. एवढ्या उकाड्यात टिकणारं विकर यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जीवाणूचं आहे. यंत्र चालू असताना करण्यासारखं काही नसतं. म्हणून ताईने शेडनेटमध्ये नेलं आणि एका कुंडीतलं कणीस दाखवलं. त्याच्या फुलांतले परागकोष सुकलेले, रिकामे.

"ही ए लाइन. नर-वंध्य. यात मायलोचं पेशीद्रव्य आहे."

संकरित ज्वारीचा सगळा डोलारा यावर उभा आहे. ज्वारीच्या फुलात नर-मादी एकत्र असतात, त्यामुळे ती बहुतेक स्वतःच स्वतःला फळवते. हजारो फुलांतले परागकोष चिमट्याने काढत बसणं शेतात शक्य नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवलं की मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीची गुणसूत्रं आणली की परागच तयार होत नाहीत. पेशीद्रव्य बीजात येतं ते आईकडून, म्हणून हा वांझपणाही आईकडूनच येतो. अशा झाडाशेजारी दुसऱ्या वाणाची ओळ लावली की मिळणारं सगळं बी संकरित. आपल्याकडचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ याच वाटेने १९६४ मध्ये आला.

मी म्हटलं, "मायलो म्हणजे मिलो? बहात्तरच्या दुष्काळातला?"

ताईला माहीत नव्हतं. आमच्या घरात मिलो हा शब्द शिवीसारखा वापरतात.

रात्री आजीला फोन केला. "तांबडा मिलो व्हय? रेशनला यायचा. भाकरी थापली की फाटायची आन् पोटात दुखायचं. त्याचं काय काढलंस आता?"

मी सांगितलं की इथे त्याच्यावर संशोधन चालतं.

"आता?" आजी म्हणाली. "पन्नास वर्सांनी?"

अमेरिकेत दाण्यासाठी पिकवलेल्या ज्वारीला सरसकटच मायलो म्हणतात, तेव्हा आजीचा मिलो आणि कुंडीतला मायलो एकच असेल असं नाही. नाव तेवढं एक. लेबलाबद्दल मी हल्ली फार जपून बोलते.

२९ मे, गुरुवार

जेल पहिल्यांदा नीट आलं. अतिनील दिव्यावर ठेवलं की नारिंगी रेघा उजळतात. हातमोजे घालूनच, कारण त्यातला रंग डीएनएलाच चिकटतो, तो आपल्याही डीएनएला सोडणार नाही. मालदांडीची रेघ वर, बी-३५ ची खाली, आणि मधल्या वाणांत कुणाची वर, कुणाची खाली. मी वहीत रेघा काढून ठेवल्या.

सरांना घाबरत विचारलं: आमच्या आजीची एक ज्वारी आहे, गुळभेंडी, हुरड्यापुरती. दोन तास पेरते दरवर्षी. ती यात घालता येईल का?

ते म्हणाले, "घाल. पण एक नियम. बी एकत्र ओतून आणू नकोस. कणसागणिक वेगळं आण आणि कुठलं कणीस कुठलं, ते लिहून आण."

१ जून, रविवार

काल अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती. चौंडी आमच्या गावापासून जवळ, त्यामुळे रस्ता माणसांनी आणि पिवळ्या झेंड्यांनी भरलेला. घरी पोचायला रात्र झाली.

बियाण्याची कणसं आढ्याला टांगलेली असतात, धुरात. आज सकाळी आजीने ती काठीने खाली घेतली. आठ कणसं. मी चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन बसले. ती प्रत्येक कणीस हातात फिरवून सांगत होती आणि मी लिहीत होते. हे बांधाकडचं. हे चिंचेखालचं, दाणा बारका पण गोड. हे विहिरीकडचं. हे असंच, मधलं. फेब्रुवारीत कापलेल्या आठ कणसांच्या जागा तिला जूनमध्ये आठवत होत्या. तिच्याकडे ना वही, ना चिठ्ठी.

मी फॉर्मवर आधीच लिहून ठेवलं होतं: मूळ स्रोत, सासूकडून, पिढ्यानपिढ्या. तिला वाचून दाखवलं.

"कुनी सांगितलं तुला?" आजी म्हणाली. "बहात्तरला बियानं खाल्लं की आमी. सासूनंच दळलं. मी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची तिथं, पन घरात म्हातारी मानसं होती. काय ठेवायचं मागं?"

मग? हे बी?

"हे माझ्या माहेराहून आनलं, पुढच्या वर्साला. आष्टीकडं. माझ्या बापाच्या हिरीला पानी व्हतं म्हनून थोडं वाचलं. एक चिपटं दिलं त्यानं."

मी एक आडवी रेघ मारून 'सासूकडून, पिढ्यानपिढ्या' खोडलं. वर लिहिलं: माहेर, आष्टी तालुका, सुमारे १९७३. खोडलेलं खाली वाचता येतंय, तसंच ठेवलं.

१० जून, मंगळवार, वटपौर्णिमा

आजीच्या ज्वारीची रोपं ट्रेमध्ये वर आली. आठ ओळी, आठ चिठ्ठ्या, पेन्सिलीने.

आज ताईने हाताने संकर करायला शिकवलं. संध्याकाळी, ज्या फुलांचे परागकोष अजून बाहेर आले नाहीत अशी थोडीच ठेवायची, बाकीची कात्रीने काढायची. उरलेल्या प्रत्येक फुलातून सुईच्या टोकाने तीन परागकोष काढायचे, स्त्रीकेसराला धक्का न लावता. मग कागदाची पिशवी, पिन, आणि पिशवीवर तारीख. ज्वारी वरून खाली फुलत येते, म्हणून टोकाकडची फुलं आधीच उमललेली असतात, ती काढलीच पाहिजेत. तासाभरात माझी वीस फुलं झाली आणि मान आखडली.

मायलोबद्दल आणखी एक कळलं. जगातल्या बहुतेक संकरित ज्वाऱ्यांचं पेशीद्रव्य एकाच घराण्याचं, मायलोचं. अमेरिकेत मक्याच्या बाबतीत असंच झालं होतं: बहुतेक संकरित मक्यात एकच टेक्सास पेशीद्रव्य, आणि १९७० मध्ये त्यालाच धरणारी करप्याची बुरशी आली तेव्हा देशाचं सुमारे पंधरा टक्के पीक गेलं. म्हणून दुसरी घराणी शोधतात. त्यातल्या ए-४ नावाच्या गटात एक पेशीद्रव्य आहे मालदांडीचं. आपल्याच भाकरीच्या ज्वारीत हा गुण दडलेला होता. पण त्याच्यावर पराग परत आणणारा जोडीदार वाण सहज मिळत नाही, म्हणून ते शेतात फारसं उतरलेलं नाही.

१७ जून, मंगळवार

आजीच्या ज्वारीचं जेल.

आठ रोपं, आठ रकाने, कडेला मालदांडी आणि बी-३५. सातांची रेघ एकसारखी, मालदांडीच्या किंचित खाली. तीन नंबरला दोन रेघा: एक बाकी सातांसारखी, दुसरी मालदांडीच्या बरोबर समोर.

"संकर," ताई म्हणाली. ज्वारी बहुतेक स्वपरागी असली तरी थोडे पराग वाऱ्याने इकडेतिकडे जातातच. शेजारच्या रानात मालदांडी असेल तर बांधालगतच्या कणसात तिचा एखादा दाणा सापडणं साहजिक. मी वही उघडली. तीन नंबर: विहिरीकडचं. म्हणजे शेताच्या मध्यातलं. बांधाकडचं कणीस एक नंबर होतं आणि त्याची रेघ स्वच्छ एकच.

सर म्हणाले, मध्यातही पराग पोचू शकतो, अशक्य नाही. शिवाय एका मार्करवरून आणि एका रोपावरून वाणाबद्दल काही म्हणायचं नसतं.

रात्री आजीला फोन केला. तिला रेघा वगैरे सांगितल्या नाहीत, एवढंच विचारलं की तीन नंबरचं कणीस कसं होतं. लांबट, जरा मोकळं, मी म्हटलं.

"मंग ते बांधाकडचं. शेजाऱ्याची मालदांडी लागली की कनीस आसं लांबतं. तू उलटं लिवलंस."

मी उलटं लिहिलं? की तिला आता आठवताना उलटं वाटतंय? त्या सकाळी चुलीचा धूर होता, मी भरभर लिहीत होते, मधेच दादा चहा घेऊन आले. एकवीस मे आठवला. शपथेवर सांगशील?

नाही सांगता येणार.

"पन आसं कनीस तू बियाला घेतेस कशाला?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"न्हाई घेत. औंदा कमी व्हती, तू आठ मागितलीस."

२० जून, शुक्रवार

शेवटचा दिवस. चोवीस वाणांचा तक्ता ताईला दिला. आजीच्या ज्वारीचा वेगळा कागद.

उरलेलं बी पाकिटांत भरलं. बीजसंग्रहासाठी नमुना देताना त्याची माहिती द्यावी लागते: स्थानिक नाव, गाव, तालुका, दाता, तारीख, उपयोग. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे १८ अंशांत वर्षानुवर्षं टिकतं, पण या रकान्यांशिवाय ते माझ्या त्या बारा नळ्यांसारखंच. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो, त्यासाठीही हेच सगळं विचारतात. मालदांडी ३५-१ या नावात निवडीचा क्रमांक आहे. ज्याच्या रानातलं कणीस होतं, तो त्या नावात नाही.

तीन नंबरच्या नोंदीचं काय करायचं, ते सरांना विचारलं. मला वाटलं, ते म्हणतील की तीन नंबर वगळ. ते म्हणाले, "काहीच खोडू नकोस. दोन्ही लिही."

म्हणून वहीत, पेनने, असं लिहिलं आहे:

गुळभेंडी. हुरड्यासाठी. दाता: आजी (पूर्ण नाव, गाव, तालुका जामखेड). बी मूळ माहेरचे, आष्टी तालुका, सुमारे १९७३. कणसांची निवड दरवर्षी दात्याने स्वतः. कणीस क्र. ३: विहिरीकडचे. दात्याच्या मते बांधाकडचे. नोंद करणारीची चूक शक्य.

खाली माझी सही आणि तारीख. तीन नंबरचे एकोणीस दाणे शिल्लक आहेत. ते सप्टेंबरात पेरायचे आहेत, विहिरीकडे, बांधापासून लांब.